गाडीतला मुक्काम: शिकारीच्या छावणीपासून कॅरॅव्हॅनपर्यंत

छत्तीसगडमधील भिलाईलगतच्या रिसाली परिसरातील रहिवाशांना वाघ पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. भिलाई पोलाद कारखान्याचे मैत्रीबाग हे प्राणिसंग्रहालय जवळच आहे. भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये ते उभारण्यात आले आणि तेथील पांढरे वाघ हे अनेक वर्षांपासून पर्यटकांचे आकर्षण ठरले आहेत. योगायोगाने त्याच वर्षी संसदेने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत केला. मध्य भारतातील अरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या पडणाऱ्या शिकारीच्या छावण्यांचा शेवट या कायद्यापासून सुरू झाला.

जगाच्या काही भागांत मात्र अशा छावण्या आजही पडतात आणि तंबूची जागा तेथे मोठ्या प्रमाणावर वाहनांनी घेतली आहे. अमेरिकेत शिकारीच्या हंगामात मोटारघरे आणि मागील हौद्यावर छप्पर चढवलेले पिकअप ट्रक हे शिकाऱ्यांचे नेहमीचे निवासस्थान असते. भारतात शिकार उरलेली नाही, परंतु गाडीत राहून रान अनुभवण्याची हौस येथेही वाढत आहे. रिसालीसारख्या ठिकाणाहून एखादे कुटुंब स्वतःच्या गाडीने नवेगाव-नागझिरा किंवा बारनवापाराच्या दिशेने निघाले आणि वाटेत रानालगत गाडी उभी करून त्यांनी रात्र काढायचे ठरवले, तर कायदा काय म्हणतो? गाडी कोठे उभी आहे, तिच्यात काय आहे आणि तिच्यात कोण झोपले आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सारे अवलंबून असते. हे प्रश्न का निर्माण झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वाहन आणि शिकार यांचे जुने नाते

शिकारीत वाहनाचा उपयोग मोटारीच्या आगमनाने सुरू झाला, असे नाही. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, म्हणजे १८९४ ते १९२२ या कालखंडात, पाळीव चित्त्यांकरवी काळविटाची शिकार केली जात असे. डोळे झाकलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर नेण्यात येई. बैलगाडीची सवय असल्याने काळवीट तिला बुजत नसत. त्यामुळे गाडी कळपाच्या पुष्कळ जवळ नेता येई आणि योग्य अंतरावर येताच चित्त्याच्या डोळ्यांवरील झाकण काढण्यात येई. गाडी ही अशा प्रकारे केवळ ने-आण करण्याचे साधन नव्हती. ती शिकाऱ्याची लपण्याची जागा होती.

मोटार आल्यावर हे चित्र अधिक भीषण झाले. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानातील एक घटना याची साक्ष देते. संस्थानचे अधिपती रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ मध्ये तीन चित्त्यांची शिकार केली. रात्री मोटारीतून जात असताना हे चित्ते एकमेकांजवळ बसलेले दिसले आणि तिन्ही मारले गेले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात या शिकारीची नोंद प्रसिद्ध झाली. भारतातील रानटी चित्त्यांच्या अखेरच्या विश्वसनीय नोंदींत तिची गणना होते. त्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. शेजारच्या सरगुजा संस्थानच्या महाराजांनी आयुष्यात अकराशेहून अधिक वाघ मारल्याचे सांगितले जाते.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, परंतु शिकार थांबली नाही. तिला व्यवसायाचे रूप आले. सरकारी अरण्यांचे विभाग पाडून शिकारीचे परवाने देण्यात येत आणि परदेशी पाहुण्यांसाठी मुक्काम, वाहने, हाकारे व वाटाडे यांची सोय करणाऱ्या कंपन्या काम करत. पुढे केंद्रीय मंत्री झालेले रायपूरचे विद्याचरण शुक्ल यांनी नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ॲल्विन कूपर ही अशीच एक कंपनी स्थापन केली होती. मध्य भारतातील अरण्यांत मोठ्या श्वापदांच्या शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या मोहिमा ही कंपनी आयोजित करत असे. नागपूर, भंडारा, दुर्ग आणि रायपूर हा पट्टा त्या काळी शिकारीच्या नकाशावर होता. आज त्याच पट्ट्यातून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ जातो आणि साकोलीच्या परिसरात तो नवेगाव व नागझिरा या दोन अरण्यांना जोडणारा वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग ओलांडतो.

कायद्याने आधी गाडी रोखली, मग बंदूक

वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली ती १९७० मध्ये. दोन वर्षांनी झालेल्या वन्यजीव अधिनियमाने मात्र सर्व शिकार एकदम बंद केली नाही, हे आज अनेकांच्या स्मरणात नाही. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. मात्र त्या परवान्यावरही बंधने होती. वाहनातून किंवा वाहनाच्या साहाय्याने शिकार करणे आणि मोटारीने प्राण्यांना हाकणे किंवा बिथरवणे, यांना कलम १७ अन्वये मनाई करण्यात आली होती. म्हणजे ज्या काळात बंदुकीला परवाना मिळू शकत होता, त्याही काळात शिकारीसाठी गाडी वापरण्यास मात्र परवानगी नव्हती. दिव्यांच्या झोतात आंधळा झालेला प्राणी पळू शकत नाही आणि इंजिनाच्या वेगापुढे कोणतेही रान पुरेसे मोठे नसते, हा धडा देशाने कोरियासारख्या घटनांतून घेतला होता.

पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही संपूर्ण व्यवस्थाच रद्द करण्यात आली. तेव्हापासून अधिनियमाच्या अनुसूचींतील प्राण्यांची शिकार पूर्णतः निषिद्ध आहे. मानवी जीवितास धोका निर्माण झालेला प्राणी किंवा शास्त्रीय संशोधन यांसारखे अपवाद आहेत, परंतु तेही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशानेच. प्राण्याला मारणे, पकडणे, फासात अडकवणे, विष घालणे, हाकणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, या साऱ्याचा समावेश ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत होतो. प्रयत्नही गुन्ह्यात मोडत असल्याने रात्री रानात आढळलेल्या गाडीकडे वनरक्षक संशयाने पाहतो, यात नवल नाही.

पहिला प्रश्न: गाडी कोठे उभी आहे?

अभयारण्यात प्रवेश करण्यास अधिनियमाच्या कलम २७ ने बंधने घातली आहेत. परवानाधारक, कर्तव्यावरील शासकीय सेवक, अभयारण्याच्या हद्दीत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले लोक आणि अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गाने प्रवास करणारे, यांना त्यात सूट आहे. येथे शब्दाचा नेमका अर्थ महत्त्वाचा ठरतो. सूट आहे ती महामार्गावरून पुढे जाण्यासाठी. रस्ता सोडून झाडीत गाडी उतरवण्यास किंवा तेथे रात्र काढण्यास ही सूट लागू होत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच बंधने लागू आहेत.

अभयारण्याबाहेरचे प्रत्येक रान मोकळे असते, असाही समज दिसून येतो. तो चुकीचा आहे. राखीव वनात अनधिकृत प्रवेश करणे आणि विस्तव पेटवणे हे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये गुन्हे आहेत. त्यामुळे छावणीचा अविभाज्य भाग मानली जाणारी शेकोटीही अडचणीत आणू शकते. पानगळीच्या रानात, विशेषतः फेब्रुवारी ते जून या काळात, एका ठिणगीने वणवा पेटू शकतो.

या दृष्टीने अमेरिकेतील स्थिती वेगळी आहे. तेथे संघराज्याच्या मालकीच्या सार्वजनिक जमिनीवर बहुतेक ठिकाणी सुमारे १४ दिवसांपर्यंत मुक्काम करता येतो. शिकारीचा परवाना राज्ये देतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी वापरले जाते. मात्र तेथेही गाडीतून गोळी झाडण्यास बहुतेक राज्यांत मनाई आहे. गाडी राहण्यासाठी असावी, मारण्यासाठी नव्हे, हे तत्त्व तेथील कायद्यानेही मान्य केले आहे.

दुसरा प्रश्न: गाडीत काय आहे?

मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. बंदुकीचा वैध परवाना जवळ असला, तरी या नियमात फरक पडत नाही. वाहन थांबवून त्याची झडती घेण्याचे आणि ते जप्त करण्याचे अधिकार वनाधिकाऱ्यांना कलम ५० ने दिले आहेत. गाडीत वन्यप्राण्याचे मांस, कातडे किंवा शिंग सापडले, तर ते बेकायदा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते बाळगणाऱ्यावर येते. वाटेतल्या गावात कोणी ‘रानाची’ म्हणून दिलेली भेटवस्तू अशा वेळी महागात पडू शकते.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची किमान रक्कम २५ हजार रुपये झाली आहे. गुन्ह्यात वापरलेले वाहन राज्य शासनाच्या मालकीचे होते, असेही कलम ३९ सांगते. याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात महत्त्वाचा निर्वाळा दिला. केवळ जप्ती झाली म्हणून वाहनाची मालकी शासनाकडे जात नाही. त्यासाठी गुन्हा न्यायालयात सिद्ध व्हावा लागतो आणि तोपर्यंत वाहन सोडण्याचा विचार दंडाधिकारी करू शकतात, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आपली गाडी दुसऱ्याला वापरायला देणाऱ्या मालकांसाठी या निकालात जसा दिलासा आहे, तसाच इशाराही आहे.

कॅरॅव्हॅनचा कायदेशीर मार्ग

गाडीतला मुक्काम भारतात सरसकट बेकायदा आहे, असा याचा अर्थ नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली वाहने आणि ती उभी करण्यासाठी पाणी, वीज व सांडपाण्याची व्यवस्था असलेली कॅरॅव्हॅन उद्याने, असे या धोरणाचे दोन भाग आहेत. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण स्वीकारले. जेथे हॉटेल बांधणे शक्य नाही किंवा इष्ट नाही, अशा निसर्गरम्य ठिकाणी कायम बांधकाम न करता पर्यटकांची सोय व्हावी, हा त्यामागील विचार आहे. खासगी वापरासाठीच्या कॅम्पर व्हॅनला मोटार वाहन व्यवस्थेत स्वतंत्र वर्ग आहे आणि अशा वाहनांच्या रचनेसाठी मानकेही ठरवण्यात आली आहेत.

अडचण येते ती घरच्या घरी केलेल्या फेरबदलांची. पिकअपच्या हौद्यावर पत्र्याचे छप्पर ठोकणे, आत खाट बसवणे किंवा गॅसची शेगडी जोडणे हे सोपे वाटते. तथापि, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी वाहनमालकाला ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

बंद वाहनातील न दिसणारा धोका

कायद्यापेक्षाही मोठा धोका कधी कधी गाडीच्या आतच असतो. केरळमधील कोळिकोड जिल्ह्यात वडकरा येथे डिसेंबर २०२४ मध्ये रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू वाहनात शिरल्याचे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा कितीतरी पटीने घट्ट जोडला जातो. त्यामुळे झोपेत असलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. थंडीच्या दिवसांत काचा बंद करून गाडीत सिगडी पेटवणे किंवा इंजिन सुरू ठेवून झोपणे यात नेमका हाच धोका संभवतो.

स्वयंपाकाच्या गॅसचा धोकाही कमी नाही. मदुराई येथे २६ ऑगस्ट २०२३ रोजी उभ्या असलेल्या रेल्वेच्या खासगी पर्यटक डब्याला आग लागून ९ जणांचा मृत्यू झाला. डब्यात नियमबाह्य रीतीने आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे ही दुर्घटना घडली होती. अरुंद जागा, कमी दरवाजे आणि जवळ झोपलेली माणसे हे प्रत्येक फिरत्या घराचे समान लक्षण आहे. झोपण्याच्या जागी ज्वाला नसावी आणि हवा खेळती असावी, हा यातून निघणारा साधा नियम आहे.

तिसरा प्रश्न: गाडीत कोण झोपले आहे?

ट्रक किंवा पिकअपच्या हौद्यात बसून रानात जाणारे आणि तेथेच रात्री काढणारे लोक मध्य भारतात आजही आहेत. मात्र ते शिकारी नाहीत आणि पर्यटकही नाहीत. उन्हाळ्यात तेंदूपत्ता गोळा करणारे आदिवासी, हंगामात महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून संसारासह उतरणारे ऊसतोड कामगार आणि रस्त्याच्या कामावरील मजूर यांच्यासाठी वाहनाचा हौदा ही हौस नसून गरज असते. ऊसतोड कामगार कोपी बांधेपर्यंत अनेकदा ट्रॉलीखालीच पथारी टाकतात.

या गरजेची किंमत किती मोठी असू शकते, हे छत्तीसगडने २० मे २०२४ रोजी पाहिले. कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप गाडी दरीत कोसळली आणि १९ जणांना प्राण गमवावे लागले. मृतांमध्ये बहुसंख्य महिला होत्या. ज्या पानांसाठी त्या रानात गेल्या होत्या, त्यांना राज्यात त्या हंगामापासून प्रति मानक बोरा साडेपाच हजार रुपये दर जाहीर झाला होता. ५० पानांचा एक पुडा आणि असे एक हजार पुडे, म्हणजे एक मानक बोरा होतो.

अशा अपघातांत विम्याचा प्रश्नही उभा राहतो. मालवाहू वाहनात फुकट बसवलेल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार धरता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला आहे. १९९४ च्या दुरुस्तीमुळे मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण मिळते. मात्र हौद्यात उभ्या असलेल्या इतरांना ते आपोआप लागू होत नाही. पिकअपवर छप्पर ठोकून मित्रमंडळींना मागे झोपवत रानाकडे निघणाऱ्या हौशी प्रवाशांनाही हाच नियम लागू पडतो. फरक इतकाच की त्यांच्यापुढे दुसरा पर्याय असतो.

रानाची वेळ

कोरिया संस्थानाची जुनी अरण्ये ज्या भागात आहेत, तेथील गुरू घासीदास राष्ट्रीय उद्यान आणि तमोर पिंगला अभयारण्य मिळून नोव्हेंबर २०२४ मध्ये देशातील ५६ वा व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्यात आला. त्याचे क्षेत्र २,८२९ चौरस किलोमीटर आहे. त्याआधी दोन वर्षे, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले होते. रात्रीच्या मोटारीने ज्या प्रदेशातून चित्ता पुसला गेला, त्याच प्रदेशात आता रानाला रात्र परत देण्याचा प्रयत्न सुरू आहे.

व्याघ्र प्रकल्पांत सफारीच्या गाड्या सूर्योदयानंतर आत जातात आणि सूर्यास्तापूर्वी बाहेर पडतात. पर्यटकांना ही शिस्त कधी जाचक वाटते. परंतु बहुतेक वन्यप्राण्यांचे पाणी पिणे, चरणे, शिकार करणे आणि रस्ते ओलांडणे अंधारातच चालते. गाडी कितीही आरामदायी असली, तरी तिचे दिवे, आवाज आणि अन्नाचा वास या व्यवहारात अडथळा आणतात. त्यामुळे रिसालीहून असो वा नागपूरहून, रान पाहायला निघालेल्या कुटुंबाने मुक्काम प्रवेशद्वाराबाहेरच्या अधिकृत निवासात किंवा कॅरॅव्हॅन उद्यानात करावा, गाडीत शस्त्र व सिगडी नसावी आणि हौद्यात सामानाशिवाय कोणी नसावे. एवढे पाळले, तर सकाळी आत जाणारी गाडी वनरक्षकाच्या संशयाचा विषय ठरत नाही आणि सायंकाळी सगळेच सुखरूप बाहेर येतात.